पाकीट बंद, पुरावा उघडा

वांद्रे पूर्वेला चेतना महाविद्यालयाजवळ, शासकीय वसाहतीत, मुंबई उपनगर जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांचं कार्यालय आहे. 1 ऑक्टोबर 1990 रोजी उपनगर जिल्हा वेगळा झाला आणि अंधेरी, बोरिवली, कुर्ला या तिन्ही तालुक्यांचं मुख्यालय वांद्र्याला आलं. दहावी-बारावीचे निकाल लागले की या परिसरात प्लास्टिकच्या फायली घेतलेली मुलं आणि त्यांचे आईवडील दिसू लागतात. कुणाला उत्पन्नाचा दाखला हवा असतो, कुणाला अधिवासाचा, कुणाला जातीचा, कुणाला नॉन-क्रिमीलेअरचा.

माझे थोरले मेहुणे महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. माझी मुलगी संगणकशास्त्रात संशोधन करते. तिचा विषय कूटशास्त्र, म्हणजे माहिती झाकून ठेवूनही ती खरी असल्याचं पटवून देण्याचं गणित. एका कामासाठी आम्ही तिघं त्या बाजूला गेलो होतो. झेरॉक्सच्या दुकानात वाया गेलेल्या प्रतींची टोपली होती. सर्वांत वर कुणाचा तरी जातीचा दाखला पडला होता. त्याच्यावर पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गाव, तालुका आणि जात, सगळं वाचता येत होतं. मुलीनं तो कागद उचलला, बारीक तुकडे केले आणि परत टोपलीत टाकला. मामा-भाचीचं बोलणं तिथून सुरू झालं. ते इथे मांडतो आहे, कारण दोघांची मतं वेगळी असली तरी दोघांना काळजी रांगेतल्या त्याच मुलाची आहे.

मामा : तू तो कागद फाडलास हे बरं केलंस. पण एक सांगतो, हे झेरॉक्सचं दुखणं कायमचं जावं म्हणूनच मला ते ब्लॉकचेन पटतं. गडचिरोलीत एटापल्ली उपविभागानं 2022 साली सुमारे 65 हजार जातीचे दाखले पॉलिगॉन नावाच्या सार्वजनिक ब्लॉकचेनशी जोडले. क्यूआर कोड स्कॅन केला की दाखला खरा की बनावट ते कळतं. ना सत्यप्रत, ना पत्रव्यवहार.

भाची : मलाही ते पाऊल महत्त्वाचं वाटतं. फक्त त्या साखळीचा एक गुण लक्षात घ्या. सार्वजनिक ब्लॉकचेनची प्रत जगभरातल्या असंख्य संगणकांवर असते. एकदा लिहिलं की खोडता येत नाही. टोपलीतला कागद मला फाडता आला, तिथला येणार नाही.

मामा : खोडता येत नाही हाच तर तिचा गुण! आमच्या सातबाऱ्यावर काय होतं? जुन्या मालकाचं नाव खोडायचं नाही, त्याला कंस करायचा. नव्याचं नाव लिहायचं आणि बाजूला फेरफाराचा क्रमांक टाकायचा. त्या क्रमांकावरून गाव नमुना सहा उघडला की कुणाचं नाव का गेलं आणि कुणाचं का आलं ते कळतं. तुमची साखळी म्हणजे पान बदलता न येणारी फेरफार नोंदवहीच. रजिस्टरमध्ये मागाहून पान घुसवण्याचे प्रकार मी पाहिलेत. त्या पानांमुळे माणसांच्या जमिनी गेल्या आहेत.

भाची : उपमा अगदी नेमकी आहे. साखळीतल्या प्रत्येक नोंदीत आधीच्या नोंदीचा गणिती ठसा असतो. त्याला हॅश म्हणतात. शा-256 या पद्धतीत कितीही लांब मजकूर दिला तरी 64 अक्षरांचा ठसा निघतो. मजकुरातला एक काना बदलला तरी ठसा पार बदलतो. ठशावरून मजकूर मागे काढता येत नाही. त्यामुळे मधलं पान बदललं की पुढचे सगळे ठसे चुकतात आणि चोरी उघडी पडते.

मामा : झालं तर मग. दाखला साखळीवर ठेवू नका, ठसा ठेवा. प्रश्न संपला.

भाची : अर्धाच संपला. ठशावरून मजकूर काढता येत नाही, पण मजकुराचा अंदाज करून ठसा जुळतो का ते पाहता येतं. आधार क्रमांक घ्या. अंक 12, पहिला अंक 0 किंवा 1 नसतो आणि शेवटचा तपासणीचा असतो. म्हणजे शक्यता उरल्या 8 हजार कोटी. आकडा मोठा वाटतो, पण आजचं एक चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला शेकडो कोटी ठसे काढतं. नुसत्या आधार क्रमांकाचा ठसा साखळीवर असेल, तर मूळ क्रमांक मिनिटभरात हाती येईल. जातीच्या बाबतीत तर शक्यता मोजक्याच. नाव आणि गाव ठाऊक असलेला माणूस एकेक जात घालून बघेल आणि कुठे ठसा जुळतो ते पाहील.

मामा : मग उपाय?

भाची : तुमच्याच कचेरीतला. सीलबंद निविदा. ठेकेदार आकडा लिहून पाकीट बंद करतो. उघडेपर्यंत आकडा कुणाला दिसत नाही आणि पाकीट दिल्यावर त्यालाही तो बदलता येत नाही. गणितात असं पाकीट करता येतं. टॉर्बेन पेडरसन यांनी 1991 साली मांडलेली रीत मला सर्वांत सुबक वाटते. दोन ठरलेल्या संख्या घ्यायच्या. एकीचा घात म्हणून आपला खरा आकडा वापरायचा आणि दुसरीचा घात म्हणून चिठ्ठी टाकून काढलेला एक गुप्त आकडा. दोन्हींचा गुणाकार करून एका प्रचंड अविभाज्य संख्येनं भागायचं. जी बाकी उरते ते पाकीट. साखळीवर फक्त ती बाकी जाते.

मामा : चिठ्ठीचा आकडा कशाला?

भाची : अंदाजाची वाट बंद करायला. तो आकडा माहीत नसेल तर नुसती जात किंवा उत्पन्न घालून पाकीट जुळवता येत नाही. दुसरी गंमत अशी की शाळेत शिकलेला घातांकाचा नियम इथे लागू पडतो. दोन पाकिटांचा गुणाकार केला की आतल्या आकड्यांची बेरीज असलेलं तिसरं पाकीट मिळतं. एखाद्या योजनेत हजार लाभार्थ्यांना किती रक्कम गेली ते एकेकाचं पाकीट न उघडता जमवता येतं आणि कोषागाराच्या एकूण आकड्याशी ताडून बघता येतं.

मामा : बेरीज जुळेल, पण मला पडताळायचं असतं ते एका माणसाचं. नॉन-क्रिमीलेअरला उत्पन्नाची मर्यादा 8 लाख. पाकीट बंदच राहिलं तर समोरच्याचं उत्पन्न मर्यादेत आहे हे मला कळायचं कसं?

भाची : एक सांगा, देवगड हापूस आणि बाहेरून आलेला त्याच्यासारखा आंबा तुम्हाला ओळखता येतो?

मामा : मला नाही. तुझी मामी नुसत्या वासावर सांगते. मला मात्र ते कधी पटलेलं नाही.

भाची : पटवता येईल. मामीच्या डोळ्यांवर रुमाल बांधा. दोन हातांत दोन आंबे धरून तिला एकदा हुंगायला द्या. मग हात पाठीमागे न्या, वाटलं तर आंबे बदला, नाहीतर तसेच ठेवा आणि विचारा, बदलले की नाही? तिला खरंच ओळखता येत नसेल तर उत्तर अंदाजानं बरोबर येण्याची शक्यता निम्मी. सलग 20 वेळा अंदाजच बरोबर येण्याची शक्यता 10,48,576 मध्ये एक. विसाव्या खेपेला तुम्हाला पटलेलं असेल. पण वास कसा ओळखायचा हे तुम्ही काही शिकलेला नसाल. तिचं गुपित तिच्याकडेच राहिलं आणि तुमची खात्री मात्र झाली.

मामा : म्हणजे सांगितलं काहीच नाही आणि सिद्ध मात्र केलं.

भाची : याला शून्य-ज्ञान पुरावा म्हणतात. शाफी गोल्डवासर, सिल्व्हिओ मिकाली आणि चार्ल्स रॅकॉफ यांनी 1985 मध्ये ही कल्पना मांडली. पुढच्याच वर्षी आमोस फियाट आणि आदी शमीर यांनी समोरासमोरची प्रश्नोत्तरं काढून टाकण्याची युक्ती दाखवली. प्रश्न माणसानं विचारण्याऐवजी ठशातून काढायचे, म्हणजे पुरावा कागदासारखा देता येतो. झीकॅश या चलनानं 2016 पासून असे पुरावे ब्लॉकचेनवर वापरले. पाठवणारा, घेणारा, रक्कम, सगळं झाकलेलं आणि तरी व्यवहार नियमात बसल्याचं सगळ्यांना तपासता येतं. आता तुमच्या 8 लाखांकडे येऊ. उत्पन्न 8 लाखांतून वजा करा. उत्पन्न मर्यादेत असेल तर बाकी शून्य किंवा त्याहून जास्त, मर्यादेबाहेर असेल तर ऋण. आता ही बाकी 1, 2, 4, 8 अशा दुपटींच्या बेरजेत मांडायची. 20 जागा पुरतात, कारण विसावी दुप्पट 5,24,288 आणि सगळ्या मिळून 10 लाखांच्या वर जातात. प्रत्येक जागेचं वेगळं पाकीट. प्रत्येकात 0 किंवा 1 च आहे एवढं शून्य-ज्ञान पुराव्यानं दाखवायचं. पाकिटं आपापल्या वजनानं एकत्र केली की मूळ पाकिटाशी जुळली पाहिजेत. ऋण संख्या या मांडणीत बसतच नाही. तपासणाऱ्याला एवढंच कळतं की उत्पन्न 8 लाखांच्या वर नाही. दीड लाख की साडेसात, हे त्याला कळत नाही.

मामा थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी समोरच्या रांगेकडे बोट केलं.

मामा : हे सुंदर आहे, मी नाही म्हणत नाही. पण त्या पाकिटात पहिला आकडा घातला कुणी? खोटा दाखला सील करून साखळीवर ठेवलात तर खोटेपणाच कायमचा झाला. जातीच्या बनावट दाखल्यांनी या राज्यात खऱ्या आदिवासी मुलांच्या जागा खाल्ल्या आहेत. 1994 साली सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात पडताळणी समित्यांची रीत घालून दिली, मग राज्याचा 2000 सालचा कायदा आला. समितीपुढे आजोबांच्या शाळेचा दाखला येतो, गावातली माणसं सांगतात, दक्षता पथक घरी जातं. खोटं पकडलं जातं ते त्यातून, तुझ्या घातांकातून नाही.

भाची : हे मी पूर्ण मान्य करते. गणित आकडा तपासत नाही, तो बदलला नाही एवढंच सांगतं. पहिली सही तुमच्यासारख्या माणसाचीच लागणार. तहसीलदारानं चौकशी करून पाकिटावर डिजिटल सही करायची. चौकशी माणसांची, सही माणसाची, गणिताचं काम त्यापुढचं.

मामा : आणि समितीनं दाखला रद्द ठरवला तर? कायमच्या साखळीवर तो खराच दिसत राहील.

भाची : रद्द झालेल्या क्रमांकांची वेगळी यादी ठेवायची. मुलानं दोन गोष्टी सिद्ध करायच्या, माझं पाकीट वैध दाखल्यांत आहे आणि माझा क्रमांक रद्द यादीत नाही. यादी चढत्या क्रमानं लावली असली की माझा क्रमांक कुठल्या दोन लगतच्या क्रमांकांच्या मध्ये पडतो हे दाखवलं तरी भागतं. हेसुद्धा झाकून करता येतं. आणि 65 हजार नोंदी साखळीवर लिहाव्याच लागतात असंही नाही. राल्फ मर्कल यांची 1979 पासूनची रीत आहे. ठशांच्या जोड्या लावायच्या, प्रत्येक जोडीचा एक ठसा, मग त्यांच्या जोड्या. 2 चा 16 वा घात 65,536, म्हणजे 16 पायऱ्यांत 65 हजार दाखल्यांचा एकच ठसा उरतो. साखळीवर तेवढा एक ठेवायचा. आपला दाखला त्यात आहे हे दाखवायला मुलाला फक्त 16 ठसे पुरतात.

मामा : मला खरी भीती वेगळीच आहे. फेरफाराची नोटीस आम्ही चावडीवर का लावत होतो? गावानं वाचावी आणि हरकत घ्यावी म्हणून. माहितीच्या अधिकारासाठी या राज्यात उपोषणं झाली, आपला कायदा 2002 मध्ये आला, देशाचा 2005 मध्ये. लाभार्थ्यांची यादी भिंतीवर लागते म्हणून मेलेल्या माणसाच्या नावानं उचललेले पैसे सापडतात. तू सगळी यादी पाकिटांत घातलीस की चावडी आंधळी होते. झाकण्याची सोय झाली की ती आधी मोठ्या माणसाच्या हाती जाते.

भाची : तुमच्या भीतीला पुरावा आहे, तो मीच देते. 2018 च्या मार्चमध्ये झीकॅशच्या गणितात चूक सापडली. ती त्यांच्याच एका कूटशास्त्रज्ञाला सापडली. तिचा फायदा घेऊन कुणी खोटी नाणी पाडली असती तर सगळं झाकलेलं असल्यामुळे ती ओळखता आली नसती. चूक गुपचूप दुरुस्त केली आणि फेब्रुवारी 2019 मध्ये जगाला सांगितलं. गैरवापर झाल्याची खूण मिळाली नाही. पण उघड्या वहीत जे बेरजेनं दिसलं असतं ते तिथे दिसलं नसतं, हे खरंच आहे.

मामा : म्हणजे लपवलं की चोरीही लपते. मग माझं म्हणणं खरं ठरलं.

भाची : तुमचंही खरं आणि माझंही. या विषयातला एक निष्कर्ष हेच सांगतो. पाकिटाकडून आपल्याला दोन गुण हवे असतात. एक, आतलं कुणालाच दिसू नये. दोन, पाकीट दिल्यावर आतलं बदलता येऊ नये. समोरच्याकडे अमर्याद संगणकशक्ती आहे असं धरलं, तर हे दोन्ही गुण पूर्णपणे एकाच पाकिटात येऊ शकत नाहीत.

मामा : का नाही?

भाची : पाकीट खरोखर अभेद्य असेल, तर त्याच्याकडे बघून आत कुठलाही आकडा असणं सारखंच शक्य असलं पाहिजे. पण आत कुठलाही आकडा असणं शक्य असेल, तर ते एकाहून जास्त आकड्यांनी उघडताही येतं. अमर्याद शक्ती असलेला माणूस ती दुसरी किल्ली शोधेल आणि आकडा बदलेल. म्हणून एक गुण कायमचा, तर दुसरा फक्त आजच्या संगणकांच्या आवाक्यापुरता. पेडरसनचं पाकीट आतलं कायम झाकतं. पण आतलं बदलता न येणं हे एका अवघड गणितावर टेकलेलं आहे. पीटर शोर यांनी 1994 मध्येच दाखवलं की पुरेसा मोठा क्वांटम संगणक ते गणित सोडवील. दुसऱ्या काही रचनांत याच्या उलट असतं.

मामा : मग कायमचं काय हवं, झाकणं की पक्कं राहणं? मी कारकून आहे. मला नोंद पक्की हवी.

भाची : दोन्ही चुकांचं नुकसान ताडून बघा. उद्या गणित मोडलं आणि नोंद बदलता येण्याची भीती निर्माण झाली, तर सरकार नव्या रीतीनं पुन्हा सह्या करू शकतं. मूळ कागद कचेरीत आहेत, चौकशीची फाइल आहे, माणसं आहेत. काम मोठं, पण होण्यासारखं. पण एखाद्या मुलाची जात, आजार किंवा घरची मिळकत जगभरच्या संगणकांवरून एकदा उघडी पडली, तर ती परत झाकायला कुठलंही खातं नाही. जे परत मिळवता येत नाही त्याला कायमचं संरक्षण द्यायचं.

मामांनी चष्मा काढून पुसला.

मामा : हे पटलं. फाइल पुन्हा बांधता येते, अब्रू नाही. पण चावडीचं काय?

भाची : चावडी उघडी राहू द्या. हरकत आणि सुनावणी गावात, गावासमोर. तिथल्या माणसांना त्या कुटुंबाचं आधीच ठाऊक असतं आणि प्रश्नही त्यांचाच असतो. साखळी मात्र साऱ्या जगाची चावडी आहे आणि तिथली नोटीस कधीच उतरत नाही. पैसे सरकारचे आणि अधिकार सरकारचा, ते उघडं असलं पाहिजे. किती दाखले दिले, कुणाच्या सहीनं दिले, किती रद्द झाले, एकूण किती रक्कम गेली, हे सगळं उघडं. माणूस मात्र झाकलेला.

मामा : आणि एखाद्यानं म्हटलं, माझी नोंद काढून टाका? 2017 च्या ऑगस्टमध्ये नऊ न्यायमूर्तींनी खासगीपण हा मूलभूत हक्क म्हटलाय. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहिती पुसायला लावण्याची तरतूद आहे. सरकारी नोंदींना अपवाद असले तरी ती आहे.

भाची : पाकीट नीट निवडलं असेल तर हेही जमतं. कचेरीतली माहिती आणि चिठ्ठीचा तो गुप्त आकडा नष्ट करायचा. साखळीवर पाकीट राहील, पण त्यातून कुणालाही, कितीही मोठ्या संगणकाला, काहीच कळणार नाही. तुमच्या भाषेत सांगायचं तर खोडलं नाही, कंस केला. आणि कंसाच्या आतलं नाव गेलं.

एवढं बोलणं होईपर्यंत आम्ही कलानगरच्या सिग्नलला पोचलो होतो. समोर वांद्रे-कुर्ला संकुलाचा रस्ता होता. रिझर्व्ह बँकेचं एक कार्यालय, सेबी, राष्ट्रीय शेअर बाजार, हिऱ्यांचा बाजार, सगळं तिकडेच. रिझर्व्ह बँकेनं 1 डिसेंबर 2022 रोजी किरकोळ व्यवहारांसाठी डिजिटल रुपया प्रायोगिक तत्त्वावर सुरू केला, त्या पहिल्या चार शहरांत मुंबई होती. नोटेनं भाजी घेतली तर तिचा माग राहत नाही. डिजिटल नाण्याला तो गुण द्यायचा की नाही आणि किती द्यायचा, हा प्रश्न मामा-भाचीच्याच वादाचा भाग आहे. डेव्हिड चॉम यांनी 1982 मध्ये आंधळ्या सहीची रीत मांडून बँकेलाही न कळणारं नाणं करता येतं हे दाखवलं होतं. गणित चाळीस वर्षांपासून हाताशी आहे. ते वापरायचं की नाही हे आपण ठरवायचं आहे.

मला त्या दोघांत कुणी हरलेलं दिसलं नाही. मामांचा आग्रह खरा आहे. पहिली चौकशी आणि सही माणसाची हवी, सरकारचा हिशोब चावडीवर हवा. भाचीचा आग्रहही खरा आहे. कधीही न पुसल्या जाणाऱ्या वहीत माणसाची माहिती लिहायची नाही, फक्त तिचा पुरावा ठेवायचा. त्यातही जो धोका पत्करायचा तो सरकारनं पत्करावा, रांगेतल्या मुलानं नाही. माझा कौल या मांडणीला आहे.

यापुढे एखादी कचेरी, बँक किंवा शाळा तुम्हाला सांगेल की तुमचे कागद आता ब्लॉकचेनवर सुरक्षित आहेत. तेव्हा संकोच न करता विचारा, माझा दाखला तिथे ठेवलाय की नुसता दाखल्याचा पुरावा? पाकिटाचा गुप्त आकडा कुणाकडे आहे? याची उत्तरं साध्या मराठीत मिळाली नाहीत, तर सही करण्याआधी थांबा.